बावन्न फोटोंचा रोल
(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सत्तावीस वर्षांनी उमरेडला एका मांडवाखाली बसतोय आपण. सकाळपासून कोणाचे केस गेले, कोणाचं पोट आलं, कोणाचा मुलगा आता आपल्याच शाळेत आहे, हे सगळं बोलून झालं आहे. संयोजकांनी मला आधी फोन करून सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत, मला दुसऱ्या एका गोष्टीवर बोलू द्या. मी वर्षभर दर आठवड्याला एक, असे बावन्न फोटो काढले. त्याबद्दल आज सांगते. मी काही फोटोग्राफर नाही. माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, खिशातला मोबाइल आहे, आणि तो तर इथे सगळ्यांकडेच आहे.

आधी एक विचारते. आपल्या निरोप समारंभाचे फोटो आठवतात? आपल्यातल्या एकाने मामाचा कॅमेरा आणला होता. त्यात छत्तीस फोटोंचा रोल. मामांनी बजावलं होतं, शेवटचे चार घरच्या बारशासाठी ठेवायचे. म्हणजे आपल्याला बत्तीस, आणि वर्गात आपण साठच्या वर! कोणाला किती फोटो यावरून जी भांडणं झाली, ती सोडवायला शेवटी गणिताच्या सरांना यावं लागलं. सर, तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हालाही आठवतंय. रोल धुऊन यायला आठ दिवस लागले. दोन फोटो काळे निघाले, एकात कोणाचं तरी बोट आलं होतं. तरी आज मी म्हटलं, "तो सायकल स्टँडजवळचा," की तुमच्यातल्या निम्म्या जणांना कोण कुठे उभं होतं ते सांगता येईल.

आता माझ्या फोनची गोष्ट. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये माझी आई गेली. तुमच्यातल्या पुष्कळ जणांनी तिच्या हातचं खाल्लेलं आहे. तेरवीच्या आधी समोरच्या खोलीत ठेवायला तिचा फोटो हवा होता. भाऊ आणि मी आपापले फोन घेऊन बसलो. माझ्या फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो होते. त्यात पावत्या होत्या, ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावरच्या आकृत्या होत्या, एकाच केकचे चौदा फोटो होते. आई होती ती लग्नांमध्ये आणि बारशांमध्ये, ओळीत उभी. शेवटी चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून मोठं केलं. शेजारच्या दोघींचे खांदे स्टुडिओवाल्याने पुसून दिले. फोटो छान आला. पण त्यात आई भारी साडी नेसून, दोन्ही हात सरळ ठेवून उभी आहे, आणि घरात ती अशी कधीच उभी राहिली नाही. आम्हाला आठवणारी आई म्हणजे खाली बसून भिवापुरी मिरच्यांची देठं तोडणारी, आणि पदराने नाक पुसत आम्हाला "दूर व्हा रे पोट्टेहो" म्हणणारी. तो फोटो कोणाकडेच नव्हता. रोजच्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एखादी गोष्ट फुकट आणि अमर्याद झाली, की तिची नोंद ठेवणं अवघड होतं. पूर्वी रोल महाग होता, म्हणून बटण दाबण्याआधी आपण बघत होतो. आता बटण फुकट झालं आहे. बघायचं काम नंतरवर ढकललं जातं आणि ते नंतर येत नाही. म्हणून मी ठरवलं, आपणच आपल्यावर रोलची मर्यादा घालून घ्यायची. छत्तीसऐवजी बावन्न फोटोंचा रोल, आणि तो वर्षभर पुरवायचा.

१५ जानेवारी २०२३ ला रविवार होता आणि मकर संक्रांतही होती. आई नसलेली पहिली संक्रांत. त्या दिवशी पहिला फोटो काढला आणि वहीत पाच नियम लिहिले. तेही सांगते, कारण शेवटी तुमच्या गळ्यात हेच घालायचे आहेत.

पहिला, आठवड्याला एकच फोटो, आणि तो रविवारी रात्री बाराच्या आत निवडायचा. काढायला दहा काढा, ठेवायचा एक. दुसरा, फोटो त्याच आठवड्यातला हवा, जुना उकरून काढायचा नाही. तिसरा, कोणाला "इकडे बघ, हस" म्हणायचं नाही. माणूस जे करत आहे ते करू द्यायचं. चौथा, प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची: कोण, कुठे, कधी. पाचवा, तो फोटो स्टेटसला टाकायचा नाही, एकाच माणसाला पाठवायचा. माझा तो माणूस म्हणजे बाबा.

बाबांबद्दल थोडं सांगते. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या इथल्या खाणीत ते इलेक्ट्रिशियन होते, चौतीस वर्षं. तिन्ही पाळ्या केल्या. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील त्याच गाडीने ड्यूटीला जायचे. आई गेल्यावर ते घरात एकटे राहिले. मी पुण्यात, भाऊही पुण्यात. रोज फोन व्हायचा आणि त्यात तीन प्रश्न असायचे. जेवले का? गोळी घेतली का? कूलरमध्ये पाणी टाकलं का? तिन्हींचं उत्तर "हो". मग दोन्ही बाजूंनी शांतता. माझ्या कंपनीने महिन्यातून एक आठवडा घरून काम करायची मुभा दिली, म्हणून त्या वर्षी दर महिन्याला आठवडाभर मी उमरेडला येऊन राहिले. बावन्नपैकी अर्ध्याच्या जवळपास फोटो उमरेडचे, बाकीचे पुण्याचे आणि रेल्वेच्या डब्यातले.

सुरुवातीचे आठवडे मजेत गेले. फेब्रुवारीच्या शेवटी भिवापूर रस्त्याला पळस असा पेटलेला होता, की कोणीही फोटो काढला तरी चांगलाच येणार. बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पळस चांगला आहे. पण मागे डावीकडे दिसून राहिला तो डोंगर बघ. तो आम्ही केला."

मी फोन लावला. मागे खरंच एक लांबट डोंगर होता. लहानपणापासून पाहिलेला, पण मी तो डोंगरच समजत होते. त्या दिवशी बाबा चाळीस मिनिटं बोलले. आपली खाण उघडी आहे. कोळसा खाली आणि त्याच्यावर माती-दगडाचे थर. ते थर आधी फोडून उचलावे लागतात, मग कोळसा लागतो. वरची ती माती बाजूला रचत जातात. खाणीतले लोक तिला 'ओबी' म्हणतात. वर्षानुवर्षं रचलेल्या ओबीचे डोंगर होतात, त्यांच्यावर झाडं लावली जातात, आणि मग आपल्यासारखी मुलं ते निसर्गातले डोंगर समजून चित्रकलेच्या वहीत काढतात. चौतीस वर्षांत बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. एका फोटोच्या कोपऱ्याने ते बाहेर काढलं. तेव्हापासून आमच्या फोनमधले तीन प्रश्न मागे पडले आणि रविवारचा फोटो पुढे आला.

पुण्यात उमरेड म्हटलं की लोक लगेच वाघ विचारतात. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झालं, पुढे 'जय' वाघाने गावाचं नाव देशभर नेलं आणि २०१६ साली तो दिसेनासा झाला, तेव्हाही बातमी देशभर गेली. माझ्या बावन्न फोटोंत वाघ एकही नाही. वाघाचे फोटो काढायला दुरून लोक येतात. बाजारात बरबटीच्या शेंगा विकणाऱ्या मावशींचा फोटो काढायला कोणी येत नाही. ते आपलं काम आहे.

त्या मावशींचंच सांगते. एप्रिलमध्ये त्या तराजू धरून बसल्या असताना विचारून फोटो काढला. त्या म्हणाल्या, "मले देशील का हा? आधार कार्डावरचा सोडला तर माया एकबी फोटो नाही." पुढच्या महिन्यात चार-बाय-सहाची प्रिंट काढून नेऊन दिली. त्यांनी ती हाताने दोनदा पुसली आणि शेजारच्या दुकानदाराला दाखवायला उठल्या. गिऱ्हाईक तसंच उभं. त्या दिवसापासून ज्याचा फोटो त्याला प्रिंट, हा सहावा नियम झाला. एका प्रिंटला चहापेक्षा फार जास्त पैसे लागत नाहीत.

हे ऐकताना सगळं गोडच वाटेल, म्हणून मधल्या काळाबद्दलही बोलते. दहाव्या आठवड्यापासून पुढे उत्साह संपतो. सगळ्यांचाच संपतो. मार्चअखेर आली, ऑफिसात रात्री-बेरात्री काम, आणि रविवारी संध्याकाळी लक्षात येतं की फोटो नाही. अकराव्या आठवड्याचा माझा फोटो चहाच्या कपाचा आहे. बाराव्याचा दुसऱ्या चहाच्या कपाचा. तेराव्या रविवारी रात्री बाबांचा मेसेज आला. त्यांनी स्वतः काढलेला पहिला फोटो, थोडा तिरका: आपल्या समोरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, त्यात अकरा पन्नास. खाली एक ओळ, माझ्याच नियमाप्रमाणे: "दहा मिनिटं उरली." मी लॅपटॉप, त्याच्यापुढची थंड पोळी आणि फोनवर उघडलेलं ते घड्याळ, असा फोटो काढून बारा वाजायच्या आत पाठवला. फोटो म्हणून त्यात काही नाही. पण त्या काळात माझं आयुष्य कसं होतं, ते त्या फोटोइतकं कुठेच लिहिलेलं नाही.

अशा वेळी मला दादासाहेब फाळक्यांचा आधार वाटला. 'राजा हरिश्चंद्र' आपल्या सर्वांना माहीत आहे, ३ मे १९१३ ला लागला. पण त्याच्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून जास्त दिवस तो अंकुर कसा फुटतो, कसा वर चढतो, ते थोडं थोडं टिपत राहिले. सगळं जोडल्यावर मिनिटभराची फिल्म झाली. तिचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे राहिले. आता त्या महिन्यातला कुठलाही एक दिवस घ्या. त्या दिवशीची फिल्म तुम्हाला दाखवली असती तर तुम्ही म्हटलं असतं, यात काय आहे? कालच्यासारखंच तर रोप दिसतंय. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. ती दिसायला कालचं आजच्या शेजारी ठेवावं लागतं.

आम्ही प्रोग्राम लिहिणारे लोक हेच दुसऱ्या नावाने करतो. रोजचा बदल छोटा असतो, पण प्रत्येक बदल तारखेसह साठवून ठेवायचा. सहा महिन्यांनी काही बिघडलं तर दोन तारखा शेजारी ठेवून बघायच्या: काय आलं, काय गेलं.

म्हणून मी दर महिन्याच्या एका फोटोसाठी जागा पक्की केली. आमच्या घराची छपरी. अंगणातल्या नळाजवळ उभं राहायचं, तिथूनच, तेवढ्याच उंचीवरून. वर्षात असे बारा फोटो झाले. जानेवारीत छपरीत ऊन आणि बाबांची खुर्ची. एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसला, त्याला नवा वाळा लावला. मेमध्ये छपरी रिकामी, पंचेचाळीसच्या उन्हात बाहेर कोण बसणार? जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिला पाऊस, पागोळ्या, ओल्या चपला. सप्टेंबरात तान्ह्या पोळ्याला शेजारची लहान पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला उभी. डिसेंबरात पुन्हा ऊन आणि खुर्ची.

वर्ष संपल्यावर हे बारा फोटो छापून मी आणि भावाने जमिनीवर ओळीने मांडले. भाऊ बघता बघता थांबला. म्हणाला, "काठी बघ." जुलैच्या फोटोत भिंतीला टेकवलेली एक काठी आहे. ऑगस्टमध्ये ती खुर्चीजवळ आली. ऑक्टोबरात बाबांच्या हातात. डिसेंबरात बाबा उभे आहेत आणि शरीराचा भार काठीवर आहे. मी दर महिन्याला घरात राहत होते, फोटो मीच काढले होते, आणि बाबांनी गुडघ्याचं अवाक्षर काढलं नव्हतं. रोज भेटणाऱ्यांना वाढ दिसत नाही तसा झिजणंही दिसत नाही. बाराही फोटो शेजारी आल्यावर ते समोर आलं. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना नागपूरला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, छपरीच्या दोन पायऱ्यांवर दिवा लावला. आता काठी आहे, पण ती पुन्हा भिंतीला टेकून असते.

बाबांचीच आणखी एक गोष्ट. आई गेल्यापासून भावाचं आणि माझं एकच पालुपद होतं, "बाबा, पुण्याला चला." घर विकायचं की भाड्याने द्यायचं, इथपर्यंत आम्ही आलो होतो. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. मी तेव्हा उमरेडला होते. बाबा घरी नव्हते, म्हणून शोधत गेले तर चहाच्या टपरीवर. त्यांचे पाच-सहा निवृत्त साथीदार एका मोबाइलवर वाकलेले, आणि बाबा मधे उभे राहून यान खाली येताना वेग कसा कमी करतं ते हातवारे करून समजावत आहेत. टपरीवाला चहा गाळायचा विसरला आहे. तो माझ्या तेहेतिसाव्या आठवड्याचा फोटो. भावाला पाठवला. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "पुण्यात यांना एवढं बोलायला कोण देईल?" आमच्या पुण्याच्या फ्लॅटला सातव्या मजल्यावर छान गॅलरी आहे, पण तिथे ही पाच-सहा माणसं नाहीत. घर विकायचा विषय आम्ही त्या रात्री बाजूला ठेवला. आज बाबा इथे मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना पुण्याहून आणावं लागलं नाही, टपरीवरून उठवून आणावं लागलं.

आता आपल्या सगळ्यांच्या गोष्टीकडे येते. आपली नागपूर-नागभीडची छोटी गाडी आठवते? अडीच फुटांच्या रुळावरची. शंभर वर्षांहून जास्त काळ ती चालली, आणि ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस बंद झाली. कुही, तितूर, भिवापूरहून आपल्याकडे येणारी मंडळी तिच्यातून यायची. सुट्टीत आजोळी जाताना आपण तिच्या दारात उभे राहिलो आहोत. मी आपल्या ग्रुपवर विचारलं, कोणाकडे त्या गाडीचा फोटो आहे का? साठ-एक जणांत मिळून एक फोटो निघाला. त्यात एका मैत्रिणीची मावशी बाळाला घेऊन उभी आहे, आणि मावशीच्या मागे, अर्धी कापलेली, आपली गाडी. शतकभर रोज डोळ्यांसमोरून जाणाऱ्या गाडीची आपल्या तुकडीकडे असलेली नोंद एवढीच. मावशींचे आभार.

तसंच हातमागाचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटियरमध्ये उमरेडची ओळख काय दिली आहे माहीत आहे? रेशमी काठाचं हाताने विणलेलं सुती कापड. खाण तेव्हा नव्हती, अभयारण्य नव्हतं, गाव ओळखलं जायचं ते कोष्ट्यांच्या कामावरून. मी पंचविसाव्या आठवड्यात विणकरांच्या वस्तीत विचारत फिरले. एका घरातल्या आजींनी फळीवरून एक धोटा काढून दाखवला, मधे गुळगुळीत झालेला, टोकांना लोखंड. म्हणाल्या, "माग मोडला, पण हा नाही फेकला." धोटा धरलेल्या त्यांच्या हाताचा फोटो मी काढला. त्यांना प्रिंट दिली तेव्हा नातू म्हणाला, "आजी, हे काय आहे?" मग आजींनी त्याला पहिल्यांदा सांगितलं.

शेवटचा सांगायचा फोटो पन्नासाव्या आठवड्याचा, डिसेंबरातला. शेजारच्या काकूंकडे भिवापुरी मिरची आली होती. त्या खाली बसून देठं तोडत होत्या, पदराने नाक पुसत. मी दारात फोन घेऊन उभी राहिले. त्यांनी मला दूर व्हायला सांगितलं, अगदी आई सांगायची तसं. तो फोटो आईचा नाही, हे मला कळतं. पण काकूंची मुलगी बंगलोरला असते. तिला मी प्रिंट पाठवली, आणि तिने ती तिच्या स्वयंपाकघरात लावली आहे.

तर मित्रहो, आता मागणी. आपल्या ग्रुपवर साठ-एक जण आहोत आणि वर्षाचे आठवडे बावन्न. एका आठवड्याला एक जण, असा रोल आपण सगळे मिळून काढू या. दर रविवारी ज्याची पाळी त्याने एक फोटो टाकायचा. शेतावरचा, दुकानातला, दवाखान्यातला, सौदीतला, अमेरिकेतला, जिथे तो असेल तिथला. सेल्फी नको, गुलाबाची फुलं नको, 'शुभ रविवार' तर मुळीच नको. आपलं रोजचं काय आहे, ते दाखवायचं. खाली एक ओळ: कोण, कुठे, कधी. ती ओळ गाळू नका. तारीख फोनमध्ये राहते, पण फोटोतला माणूस कोण, हे फोन सांगत नाही. आपल्या आजोबांच्या अल्बममध्ये कितीतरी चेहरे असे आहेत, की ज्यांना ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही.

थोडं तांत्रिक, कारण त्यासाठीच तुम्ही मला शिकवलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, मोठा छापायला गेलं की फुटतो. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या जागी साठवलेल्या, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवर किंवा भावाच्या घरी. आणि वर्षाच्या शेवटी छापा. फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, कंपन्या आपले नियम बदलतात. निरोप समारंभाचे फोटो आज सत्तावीस वर्षांनी इथे टेबलावर मांडलेले आहेत, कारण ते कागदावर होते.

एखादा आठवडा चुकला तर? चुकू दे, पुढच्या रविवारी काढा. फोटो वाईट आला तर? येऊ दे. न्यूयॉर्कला जेमी लिव्हिंगस्टन नावाचा माणूस होता. ३१ मार्च १९७९ पासून त्याने दिवसाला एक पोलरॉइड फोटो काढला, थेट २५ ऑक्टोबर १९९७ ला तो कर्करोगाने जाईपर्यंत. सहा हजारांवर फोटो. त्यातले कितीतरी अगदी साधे आहेत: जेवणाचं ताट, खोलीतले मित्र, रस्ता. पण ते ओळीने पाहताना एक माणूस अठरा वर्षं जगताना दिसतो. आपल्याला अठरा वर्षं नकोत, एक पुरे.

आपल्या भूगोलाच्या मॅडम नकाशा उघडायच्या आधी आम्हाला खिडकीतून बाहेर काय दिसतं ते सांगायला लावायच्या. मॅडम, तेव्हा आम्हाला वाटायचं तुम्ही तास घालवता आहात. त्या गृहपाठाची वही मी थोडी उशिरा, बावन्न पानांची, आज तुमच्या टेबलावर ठेवली आहे. तपासून द्यावी.

पहिला रविवार माझाच होता, आता दुसऱ्यांदा नको. येत्या रविवारची पाळी मी संयोजकांना देते, ज्यांना माझ्याकडून एआयवरचं भाषण हवं होतं. विषय सोपा आहे: घरातलं सगळ्यात जुनं भांडं, वापरात असलेलं, आणि ते वापरणारे हात. रात्री बाराच्या आत. अकरा पन्नासला घड्याळाचा फोटो पाठवायची जबाबदारी माझ्या बाबांनी घेतली आहे.